दुवाटेवरची डहाळी

मी चौथीपर्यंत शिकलो. त्यामुळे लिहिणं वेडंवाकडं होणार. ज्याला चालत नसेल त्याने वाचू नये. पण सांगेन ते खरं सांगेन, कारण ही एक गोष्ट मी जन्मभर खोटी सांगत आलो.

आमचा गाव मुरबाड तालुक्यातला, सिद्धगडाच्या पायथ्याचा. बहीण दिलेली घाटावर, भीमाशंकरच्या रानापलीकडे. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या भादव्यात ती सासरीच बाळंत झाली. ओढे भरलेले, माहेरी आणता आली नव्हती. म्हणून दादा आणि मी निघालो. आईबाप लवकर गेले. आम्हा दोघा भावंडांना दादानेच वाढवलं. घोंगडीत बांधून पाठीवर घेतलेली ओझी. माझ्याकडे तांदूळ. दादाकडे सुकट, गूळ आणि वहिनीने शिवलेली बाळाची गोधडी. पावसाळी वाट, तीन दिवसांची.

रानात आमची एक रीत असे. दोघं पुढेमागे चालत असले की दुवाटेवर, एका वाटेच्या दोन होतात तिथे, पुढच्याने हिरवी डहाळी तोडायची, चुकीच्या वाटेवर आडवी टाकायची आणि वर दगड ठेवायचा, वाऱ्याने हलू नये म्हणून. मागचा ती बघतो आणि दुसरी वाट धरतो. दादाचा गुडघा धरलेला, म्हणून पुढे मी चालायचं ठरलं होतं.

पहिली वस्ती सिद्धगडाच्या माचीवर, ओळखीच्या घरी. तिथे भाकर खाताना दादाला चेव आला. म्हणाला, "मागल्या खेपेला आमचा ह्यो शहाणा वाट चुकला नि नळीच्या घळीत उतरला. दिवसभर हाका मारत बसला, हरवल्या करडासारखा!"

घरातली म्हातारी खदखदून हसली. "मंग त्याच्या गळ्यात घंटा बांध रे!"

सगळं घर हसलं. चुलीपाशी घरातली पोरगी होती, ती पण हसली. मी वीस वर्षांचा. अर्धी भाकर तशीच टाकून उठलो.

सकाळी दादाशी एक शब्द बोललो नाही. धुकं असं, की पुढचं झाड दिसेना. मागून दादा म्हणाला, "रागावलास काय रे? बरं, दुवाटेवर डहाळी टाक हां."

"मला शिकवू नको," म्हटलं आणि भराभरा चढलो.

घाटाच्या वरच्या अंगाला दुवाट लागली. आमची जुनी वाट अरुंद, गवतात बुडालेली. तिच्या शेजारून कोळसा पाडणाऱ्यांनी नवी वाट केली होती, रुंद, पायांनी मळलेली. ती कड्याकडे जाते हे मला ठाऊक होतं, उन्हाळ्यात लाकडं तोडायला मी गेलो होतो. दादा दोन वर्षं इकडे फिरकला नव्हता. मी कोयत्याने डहाळी तोडली. हातात धरून उभा राहिलो. मग म्हटलं, त्याला सगळ्या वाटा माहीत आहेत ना? शोधू दे. आणि डहाळी दरीत भिरकावली.

जुन्या वाटेने वर देवाच्या दगडापाशी जाऊन बसलो. तो उशिरा येईल, हाका मारत येईल, मग मी पण हसेन, एवढंच मनात होतं. दुपार झाली तरी आला नाही. तेव्हा मीच हाक मारायला हवी होती. पण आदल्या दिवशीचं ते करडू आठवलं आणि तोंड उघडेना. आणखी तसाच बसलो. किती वेळ ते आता सांगवत नाही.

शेवटी उठून मागे आलो. मळलेल्या वाटेवर चिखलात दादाची पावलं होती. एक पाय ओढत चाललेली. वाट जिथे तुटते तिथून खाली, चार पुरुष खोल, झुडपाला अडकून तो पडला होता. जिवंत. मी कारवीची झुडपं धरत उतरलो.

"गोधडी भिजली काय बघ," पहिलं हेच बोलला.

"नाय भिजली."

मग म्हणाला, "डहाळी नव्हती रे तिथं. म्हणून मी हीच धरली."

मी ओझ्याची गाठ आवळत बसलो. तो माझ्याकडे बघत राहिला. लहानपणी ताप आला की असाच बघायचा.

"टाकलीस, पण वर दगड ठेवायला इसरलास. व्हय ना?"

"व्हय," मी म्हटलं. "इसरलो."

"तरी वाटलंच. वारा लय हाय." आणि माझ्या हातावर हात ठेवला.

माचीवरची माणसं आणली, डोली केली. उतरताना वाटेतच तो गेला.

सुतक फिटल्यावर दोन्ही ओझी पाठीला बांधून मी एकटा बहिणीकडे गेलो. गोधडीत बाळाला घेऊन ती पुष्कळ रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "दगड ठेवायचा होतास रे. जाऊ दे. कुणाच्याबी हातनं इसरतं." वहिनी पण हेच म्हणाली होती. दोघींनी मला माफ केलं ते एका न ठेवलेल्या दगडासाठी.

वहिनी जाऊन पुष्कळ वर्षं झाली. बहीण परवा गेली. डहाळी टाकलीच नव्हती, हे आता सांगायला कोणी उरलं नाही, म्हणून लिहिलं.