डब्याची शेपटी

आईला मावशीकडे जायचं होतं. एवढंच होतं सगळं. मावशी अलिबागच्या पुढे राहते आणि आमचं माहेरचं गाव उरणकडे, द्रोणागिरीला चिकटून. गाडीने फार तर दोन-अडीच तास. पण आईला साखरेचा त्रास होता आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने तिला बाथरूमला जावं लागायचं. हायवेवरच्या बाथरूमांबद्दल मी काही लिहीत नाही. बायकांना ते सांगावं लागत नाही आणि पुरुषांना सांगून उपयोग नाही. एकदा पेणच्या अलीकडे तिला धरवलं नाही आणि गाडीतच झालं. त्या दिवशी आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलो. त्यानंतर चार वर्षं ती गावाबाहेर पडली नाही. मावशीचे यजमान गेले तेव्हासुद्धा नाही. फोनवर तिने गुडघे दुखतात म्हणून सांगितलं आणि खरं कारण कुणाला सांगायचं नाही अशी आम्हाला शपथ घातली. मावशीही त्या चार वर्षांत आमच्याकडे आली नाही.

बाबा हे सगळं मुकाट बघत होते. सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली तेव्हा गावात प्रत्येकाने काही ना काही हौस केली, बाबांनी फोर बाय फोर जीप घेतली. ती डांबरी रस्ता सोडून कधी कुठे गेली नव्हती. आम्ही त्यावरून त्यांना खूप चिडवायचो. एके दिवशी त्यांनी मला जुईनगरला फोन केला आणि म्हणाले, जीपच्या मागे ओढायची खोली बनवून घेतोय, आईच्या बाथरूमसकट. मी हसले. पण बाबांनी मनावर घेतलं की घेतलं.

महापेला एक मिस्त्री होते, साइटवरची ऑफिसं आणि वडापाव विकायच्या ओढगाड्या बनवणारे, मूळचे मराठवाड्याचे. त्यांनी दोन चाकांवर पत्र्याचा एक सुबक डबा उभा केला. आत पलंग, छोटा ओटा, बाथरूम आणि पाण्याची टाकी. लोक कॅरव्हॅन म्हणोत, आमच्या घरी तो कायम डबाच राहिला. बाथरूम आणि टाकी पुढे घेऊ, असं मिस्त्री म्हणत होते. बाबांना ते अजिबात पटलं नाही. संडास कधी घराच्या तोंडाशी असतो का? तो मागेच पाहिजे, आणि टाकी त्याच्या शेजारी. गिऱ्हाईक ऐकत नाही म्हटल्यावर मिस्त्रींनी मान डोलावली.

निघायच्या दिवशी सामान बाबांनीच भरलं. तरुणपणी ते खाडीतून होडीने मिठागराचं मीठ न्यायचे. होडी भरायची त्यांची रीत ठरलेली होती. जड ओझं मागे ठेवलं की नाळ, म्हणजे होडीचं तोंड, जरा वर राहते आणि पाणी कापत जाते. डबाही त्यांनी तसाच भरला. तांदळाचं पोतं, नारळ, लोणच्याच्या बरण्या, पाण्याचे दोन कॅन, शिवाय मावशीसाठी सुकी मासळी, जणू अलिबागला समुद्रच नाही. सगळं मागच्या भिंतीला टेकवून. पुढे फक्त देवीचा फोटो आणि आईच्या साड्यांची पिशवी. डबा जोडल्यावर जीपची मागची बाजू जराशी उचलल्यासारखी झाली होती. मला ते दिसलं. गाडी हलकी चालेल, असंच मला वाटलं.

गाडी मी चालवत होते. बाबा शेजारी, आई मागच्या सीटवर. पेणपर्यंत दोनदा थांबलो. आई शांतपणे डब्यात जाऊन आली आणि परत येताना चक्क हसत होती. त्या हसण्याने मी हुरळले. पेण सोडल्यावर रस्ता मोकळा मिळाला तसा मी काटा ऐंशीवर नेला. तेवढ्यात एक कंटेनर आम्हाला खेटून पुढे गेला आणि त्याच्या वाऱ्याने डब्याची शेपटी हलली.

आधी थोडी हलली, मग जास्त. डबा आरशात एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे, आणि प्रत्येक हेलकाव्याबरोबर जीपचं ढुंगणही ओढलं जाई. बाबा ब्रेक मार म्हणाले, मी मारला, आणि मागून डब्याने असा रेटा दिला की समोरचा दुभाजक माझ्या अंगावर आला. मग घाबरून माझे दोन्ही पाय उचलले गेले. ब्रेक सुटला, ॲक्सिलरेटरही सुटला. मी नुसतं स्टिअरिंग घट्ट सरळ धरून बसले. वेग आपोआप उतरत गेला आणि डबा हळूहळू ताळ्यावर आला. आम्ही वाचलो ते माझ्या हुशारीने नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

कडेला एका चहाच्या टपरीपाशी थांबलो. आईने सीटचं कव्हर मुठीत धरलं होतं, ते सोडवेना.

"ह्या गारीन मी परत बसाची नाय," ती म्हणाली. "मना घरी ने."

तिचा आवाज इतका साधा होता की मला ते सहन झालं नाही, आणि मी सगळा राग बाबांवर काढला. टपरीवरच्या चार माणसांसमोर मी म्हणाले, "ही होडी नाही, बाबा. तुम्हाला काय कळतं यातलं?" ऐंशीवर गाडी कोणी नेली होती, ते मात्र मी बोलले नाही. बाबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि घरी पोचेपर्यंत ती हातातच धरून बसले.

दुसऱ्या दिवशी मी भांडायला म्हणून मिस्त्रींना फोन केला. ते रविवारी सकाळी गावात आले, येताना घरातला वजनकाटा घेऊन आले. सामान अजून तसंच होतं. त्यांनी डबा जीपपासून सोडवला, पुढचा दांडा एका हाताने सहज उचलला आणि माझ्याकडे बघितलं.

"ताई, गाडी उलाळ झाली की हो," ते म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. त्यांच्या गावाकडे बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं की जू वर उचलतं, बैलांच्या गळ्याला पट्टा काचतो आणि त्यांना सरळ चालता येत नाही. "बैलाच्या मानंवर थोडं वजन पायजे. लई नाय, थोडं." इथे बैल म्हणजे जीप. मागून हलकी केलेली जीप डब्याला काय आवरणार?

आमचं गाव खाडीचं. बाबांच्या आयुष्यात होड्या होत्या, बैलगाड्या नव्हत्या. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी एकच विचारलं, "म्हंजी होरीच्या उलटा?"

"अगदी उलटं," मिस्त्री म्हणाले.

त्याच दिवशी टाकी उचलून पुढे पलंगाखाली बसवायचं ठरलं. बाथरूम मात्र मागेच राहिलं, तेवढा मान बाबांचा राखला. डब्याच्या फरशीवर बाबांनी खडूने चाकांच्या वर एक रेघ मारली. जड सामान रेघेच्या जरा पुढे, खाली जमिनीवर. हलकं वर आणि मागे. पुढच्या दांड्याखाली वजनकाटा ठेवून मानेवर किती भार येतो ते बाबा पुन्हा पुन्हा बघत. टायरमधली हवा तपासायची, साठच्या वर जायचं नाही, आणि तरीही शेपटी हललीच तर पाय काढून घ्यायचा, ब्रेक नाही, स्टिअरिंग सरळ.

पुढचे तीन रविवार आम्ही दोघं द्रोणागिरीच्या रुंद रिकाम्या रस्त्यांवर सराव करत होतो. रस्ते आधी आले होते, माणसं अजून यायची होती. बाबा खिडकीतून बोट दाखवत. या गोदामाच्या जागी त्यांच्या काकांचं मिठागर होतं, त्या सर्कलपाशी होड्या लागायच्या. मला तिथे काहीच दिसायचं नाही, पण त्यांना सगळं दिसत होतं. इतका वेळ फक्त बाबांबरोबर मी लहानपणानंतर कधीच घालवला नव्हता. टपरीवर बोलले त्याबद्दल मी त्यांची माफी मागितली नाही. तीन रविवार मनात घोळवलं आणि तीनही वेळा गिअरबद्दल बोलले. आता बाबा नाहीत, आणि ते न बोललेलं मला अजून टोचतं.

डबा सुधारला तरी आई काही बधत नव्हती. मी तिला काटा दाखवला, रेघ दाखवली, कंटेनरजवळून नेऊन आणते म्हणाले. तिने मानही वर केली नाही. एका सकाळी बाबा डब्याची किल्ली घेऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"तूच भर," ते म्हणाले. "मी हात नाय लावाचा."

ज्या माणसाने आयुष्यात दुसऱ्याला होडी भरू दिली नव्हती, त्याच्या तोंडचं हे वाक्य. आईने किल्ली घेतली आणि पदर खोचला. सबंध सकाळ तिने सामान लावलं. बाबा तिच्या मागे हमालासारखे पोतं उचलून उभे, ती म्हणेल तिथे ठेवत. दोनदा तिने तांदूळ हलवायला लावला, बाबांनी दोनदा हलवला.

मी साठच्या वर गेले नाही. वाटेत कितीतरी कंटेनर पुढे गेले. डबा प्रत्येक वेळी जरासा शहारायचा आणि गप्प व्हायचा. आई चार वेळा उतरून डब्यात जाऊन आली. दुपारी आम्ही मावशीच्या दारात होतो.

मावशी ओट्यावर बसली होती. आईपेक्षा दोन वर्षांनी मोठी, पण एकदम वाळलेली. ती उठली नाही. चार वर्षांनी आलेल्या बहिणीला बसल्या जागेवरूनच म्हणाली, "मना वाटला तू माज्यावर रुसली. ते गेले तवा पन नाय आली."

आईने मावशीचा हात धरून तिला डब्यापाशी आणलं, पायरीवर चढवलं आणि आतलं छोटं दार उघडून बाथरूम दाखवलं. मी बाहेर उभी होते, मला दोघींच्या पाठी दिसत होत्या.

"त्याच्यापायी नाय आली," आई म्हणाली.

मावशीने ते दार हळूच लोटून घेतलं. मग तिने आईच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

"मना पन साखर हाय," ती म्हणाली. "मी पन त्याच्याचपायी नाय आली."