भिंतीपलीकडचा वाल

भिजवलेल्या वालाचा तो हिरवट, उग्र वास आला की मला वणीतली भाड्याची खोली आठवते. मी तिथल्या शाळेत नुकतीच लागले होते. गावात ओळखीचं कुणी नव्हतं, आणि शाळा सुटली की सकाळपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी नसे. दसरा उलटल्यावर एका संध्याकाळी शेजारच्या खाला, कापसाच्या जिनिंगमधल्या मेकॅनिकची बायको, बुटक्या भिंतीवरून म्हणाल्या, "बेटा, एकटी काहून बसून राह्यली? ये, वाल लावू." त्यांनी भिजवलेलं बी आम्ही भिंतीच्या बुडाशी काळ्या मातीत टोचलं, त्यांनी पलीकडून, मी अलीकडून. मग रोज पाणी घालताना गप्पा व्हायच्या, भिंतीवरून भाजीच्या वाट्या जायच्या-यायच्या, आणि जवळच्या खाणींमुळे पानांवर बसलेली कोळशाची धूळ खाला ओल्या फडक्यानं पुसायच्या. त्या साली कापसाचे हाल होते. दिवाळीनंतर जिनिंग बंद पडलं आणि वेल भिंतीवर चढतो न चढतो तोच त्यांचं बिऱ्हाड नागपूरला निघालं. टेम्पोत बसताना त्या म्हणाल्या, "शेंगा आल्या का माह्या बाजूच्याबी तूच तोडजो." थंडीत दोन्ही बाजू शेंगांनी लगडल्या. मी ओंजळी भरभरून तोडल्या, वांगी घालून भाजी केली, सवयीनं खालांसाठी एक वाटी भरली आणि भिंतीपाशी गेले. पलीकडे दाराला कुलूप होतं. आज माझं घर माणसांनी भरलेलं आहे, पण वालाची भाजी झाली की पहिली वाटी कुणाला द्यावी, हे मला क्षणभर सुचत नाही.