आतोबांचं स्वप्नवैद्यक

आमच्या आतोबांइतका दुसऱ्याच्या झोपेवर विश्वास ठेवणारा माणूस सबंध नाशकात झाला नाही, आणि पुढेही होईलसं मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सन पस्तीसच्या आगेमागे पंचवटीत त्यांचा दवाखाना होता. दवाखाना कसला, एक ओसरी, एक बैठक, बरण्यांची फळी आणि गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, येणारा ओला वारा. इसब, खरूज, तोंडभर मुरुमं, चुकणारी पाळी, सुटलेलं पोट, अशा चारचौघांत न सांगायच्या तक्रारी घेऊन माणसं तिथे यायची. आतोबा नाडी बघत, जीभही बघत, पण त्याआधी डोळे मिटून हळूच विचारत, "पहाटे काय पाहिलंत?" स्वप्नात उडतो तो वाताचा, आग बघतो तो पित्ताचा आणि पाणी बघतो तो कफाचा. जुने वैद्य ही खूण इतर नऊ खुणांबरोबर धरत. आतोबांना ती एकटीच इतकी आवडली होती की बाकीच्या नऊ ते सौजन्यापुरत्या तपासत.

एकदा लासलगावकडचा एक कांदेवाला पाठ खाजवत आला. "लय उंच उडत व्हतो, वैद्यबुवा. पार चांदवडच्या डोंगरावरून." आतोबा खूश. "मग उतरलास की पडलास?" "ते नाय ठावं. बायकूनं उठवलं." आतोबा इतके हळहळले की मला त्या बायकोचीच कीव आली. अर्धवट स्वप्नावर औषध द्यायचं कसं? दिवसा झोपण्याला महापाप म्हणणाऱ्या आतोबांनी त्याला भरदुपारी ओसरीवर घोंगडी घालून दिली आणि रस्त्यातल्या टांगेवाल्यांना हातानेच गप्प केलं. तो दिवेलागणीला उठला आणि "काय बी दिसलं नाय, पर खाज गेली," असं सांगून घरी गेला.

कापडपेठेतल्या एका शेटजींचं पोट त्यांच्या आधी ओसरीवर यायचं. त्यांना आतोबांनी गोळी दिली नाही, काढा दिला नाही. घाटाच्या पायऱ्या उतरून तांब्या भरायचा आणि वरच्या कडुनिंबाच्या रोपाला घालायचा, रोज पन्नास खेपा. शेटजी चार महिन्यांत सडसडीत झाले, कडुनिंब मात्र पाणी पिऊन पिऊन कुजला. आतोबा बरेच दिवस त्या जागेवरून जाताना मान खाली घालत.

त्या सुमारास मी मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. घरातल्या बायकांत बाहेर पडून कमावणारी मी पहिलीच. दोन्ही हातांना इसब उठलं, खडूने चिघळलं, आणि एका पालकाने तो महारोग ठरवून टाकला. मुख्याध्यापिकाबाईंनी बजावलं, दिवाळीच्या सुटीनंतर हात बरे असतील तर या, नाहीतर येऊ नका. मी ओसरीवर बसले तेव्हा माझ्या पुढे भद्रकालीतल्या अत्तरवाल्यांच्या घरची एक वयस्क बीबी होती. "सपनात हौद दिसला, वैद्यजी. पाण्यात चांद, अन् पांढरे बगळे," ती म्हणाली. किती सुंदर स्वप्न! माझी पाळी आली आणि मी तोच हौद, तोच चांद आणि तेच बगळे आतोबांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी बीबी गेली त्या दिशेला पाहिलं. मग म्हणाले, "गंगेकाठचं गाव. दोघींना पाणी दिसणारच."

कफाचं औषध सुरू झालं. सुंठ, मिरी, पिंपळी. आठ दिवसांत हातांची आग आग झाली, कातडी तडकली, मला पोळी मोडवेना. आतोबा रोज येऊन माझे हात बघत आणि परत जात. मग आत्या रडत आली. आतोबांनी दोन दिवस अन्न सोडलं होतं आणि बरण्यांवरच्या चिठ्ठ्या काढायला घेतल्या होत्या. ज्या वैद्याला पोरीचं पाणी ओळखता येत नाही त्याने ओसरी बंद करावी, असं म्हणत होते. मी धावत गेले आणि सगळं कबूल केलं. माझ्या खऱ्या स्वप्नात शाळा जळत होती.

"मग? विझवायला धावलीस?"

"नाही. समोर उभी राहून बघत होते. बरं वाटत होतं."

शिक्षिकेने असलं सांगायचं कसं, म्हणून मी बगळे उसने घेतले होते. आतोबांनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं. "वा! काय निर्मळ पित्त आहे!" म्हणाले, आणि आत्याला पान वाढायला सांगितलं.

त्यानंतर ते तांब्याची परात घेऊन घाटावर बसले. शंभर वेळा पाण्यात धुतलेल्या तुपाचं मलम करायचं होतं. सकाळचं धुकं, पाण्यावर सुटलेले दिवे, तळहाताखाली गोल फिरणारं तूप. सत्तराव्या धुण्याच्या आसपास त्यांची तंद्री लागायची आणि आकडा हरवायचा. पुन्हा एकपासून. "नव्व्याण्णव वेळा धुतलेलं म्हणजे नुसतं भिजलेलं तूप," ते मला समजावत. मी शेजारी बसून राहायचे. तेवढ्या सकाळी मला कशाचीच काळजी नसायची.

सुटी संपली तेव्हा हात पुष्कळ सुधारले होते, पण लाली पुरती गेली नव्हती. आतोबा माझ्याबरोबर शाळेत आले. खोलीत बाई होत्या आणि तो पालकही होता. बाईंनी वैद्यांची चिठ्ठी मागितली. आतोबांनी कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि मला म्हणाले, "ओंजळ कर." कडक सोवळ्यातला तो माणूस, आत्याखेरीज कुणाच्या हातचं पाणी न घेणारा. त्यांनी माझ्या लालसर ओंजळीत पाणी ओतलं, वाकले आणि शांतपणे सगळं प्यायले. मग पुन्हा ओतलं आणि पुन्हा प्यायले. पालक उठून निघून गेला. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "घंटा झाली. वर्गावर जा."

मी त्या शाळेत सत्तावीस वर्षं शिकवलं. आतोबांना जाऊनही आता फार काळ लोटला. अजून कधी ओंजळीत पाणी घेतलं की त्यांच्या मिशांनी तळहात हुळहुळतो, आणि मी ते पाणी सांडायला उशीर लावते.