पोटातलं बघा

दगड हातात आला की तो आधी फोडायचा, ताजा तुकडा जिभेला लावायचा, उन्हाकडे धरायचा आणि म्हणायचा, "पोटातलं बघा, सायेब."

पाथर्डीकडे सरकारी बांधकामावर मी ओव्हरसियर होतो, तेव्हा खडी फोडणाऱ्यांचा हा मुकादम माझ्या हाताखाली होता. हाताखाली हे आपलं कागदोपत्री, दगडाची पारख तोच मला शिकवायचा! बाजारात वांगी घेतानाही तो एखादं मोडून पोटातलं बघणारच. तो दिसला की बाया पाट्या झाकायच्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत त्याच्याच गावाला काँक्रीटची पाण्याची टाकी मंजूर झाली. त्याची बायको कोसभरावरून पाणी आणायची. गडी हरखून गेला. पण खडीसाठी गावालगतचा दगड आला आणि पहिल्याच तुकड्याला त्याचा चेहरा उतरला.

"हेच्या पोटात काचंवानी गारगोटी हाय. राजूरकडं असल्याच खडीची रस्त्याखालची मोरी आमी केल्ती. चार-पाच सालांत आतनंच फुगली, तडकली. भेगंतनं डिंकावानी चिकट गळत हुतं."

वरचे साहेब खो खो हसले. "दगड फुगतो? भाकरी आहे काय?"

"भाकर लगीच फुगती, सायेब. ह्ये सावकाश फुगतंय."

तीन मैलांवर त्याने चांगली खाण दाखवली. पण एवढ्या बैलगाड्या कोण देणार? आणि हा दगडही दिसायला टणक. मला त्याचं पटलं होतं, खोटं कशाला सांगू? साहेबांपुढे बोलायची छाती नव्हती. "खडी पसंत" लिहून सही ठोकली.

 तो दिवसभर गारगोटीचे दगड वेचून बाजूला टाकायचा. संध्याकाळी साहेब तो ढीग पुन्हा खडीत मिसळायला लावायचे.

पाच-सहा वर्षांनी त्या गावी गेलो. टाकीवर भेगांचं जाळं, कडेला सुकलेला डिंक, आत ठणठणीत कोरडं. त्याची बायको घागर घेऊन निघाली होती.

"मुकादम कुठं आहेत?"

"गेले की औंदा. गावानं लई बोल लावला, सायेब. तुज्याच खडीनं टाकी फुटली म्हनले. त्येबी म्हनायचे, व्हय, मीच फोडली ती खडी."

"आणि पसंत कुणी केली, ते नाही सांगितलं?"

"न्हाई बा. कुनी केली?"

मी मान खाली घातली. याही वेळी तोंड उघडलं नाही. तिने घागर कमरेवर घेतली आणि त्याच कोसभराच्या वाटेला लागली.