एकही चढ नसलेला रस्ता

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय. वाचा आणि तुम्हीच सांगा.

सकाळी मांडवी बंदरावर तिचे, म्हणजे माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीचे, बाबा भेटले. जावई बोटीवर ऑफिसर, बायकोला सोबत नेलंय. त्यामुळे पोरीचे फोटो दाखवायला काकांचा फोन हल्ली खिशात राहत नाही.

"बघ रे, सिसिली बेटावरचं जुनं गाव! पोरीचा गुडघा दुखतो, म्हणून जावयाने एकही चढ नसलेला रस्ता शोधलान. तू कॉलेज सोडून काय शोधलंस?"

एकेका फोटोत मासळीबाजार, समुद्राकाठची भिंत, गोड्या पाण्याचा झरा, टोकाला किल्ला. अहो, हा रस्ता माझा! रत्नदुर्ग किल्ला चढताना ती रडकुंडीला आली होती. मग कधीतरी दोघांनी सिसिलीला जायचं म्हणून आठवडाभर मोबाइलवर शोधून तिच्या जर्नलच्या शेवटच्या पानावर मीच हा नकाशा काढला होता.

"काका, पोरीला विचारा रस्ता कोणाचा!" मी ओरडलोच.

काका हसले. "रस्ता कोणाचा का असेना, फिरवून आणलान कोणी ते बघ."

झऱ्यापाशी मी लिहिलं होतं, 'इथे पाच मिनिटं बसायचं.' शेवटच्या फोटोत ती तिथेच बसलीय. त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून.

नकाशा जपून ठेवलान, मला टाकलान. मंडळी, याला काय म्हणायचं?