मिठाचं शेवटचं पोतं

आमच्या बचनूबाबांचे शिष्य अजून अळणी जेवतात. गहताची डाळ अळणी, झंगोऱ्याचा भात अळणी, आणि तोंडावर भाव असा की स्वर्ग दोन बोटं उरलाय. मीठ सोडलं की श्वास हलका होतो, ही म्हणे बाबांची शिकवण. बाबांनी असं आयुष्यात कधी सांगितलं नाही. ते मीठ का खात नव्हते हे मला एकटीला माहीत आहे, आणि त्याचा योगाशी काडीचा संबंध नाही.

बाबा मूळचे खेचरवाले. भागीरथीच्या काठी, आमच्याच गावात, बचन सिंह राणा म्हणून जन्मले आणि विशीपर्यंत तिबेटच्या वाटेवर खेचरं हाकली. एका थंडीत बर्फाचा कडा कोसळला आणि ते दीड दिवस त्याखाली राहिले. बाहेर काढलं तेव्हा रडले नाहीत, बोलले नाहीत, नुसते श्वास मोजत होते. तसेच उठून सोमगिरी नावाच्या योग्याकडे गेले. बारा वर्षांनी परत आले ते भगव्यात, पण शिव्या मात्र खेचरवाल्याच्याच होत्या.

मी गोदांबरी. मला नवव्या वर्षी दम्याने धरलं. आईने पाठीवर घालून त्यांच्या कुटीत नेलं तेव्हा माझे ओठ निळे पडले होते.

"घेऊ नकोस," बाबा म्हणाले. "आधी सोड."

"सोडायला... आहे काय... माझ्याकडे?"

"सगळं धरून बसलीयस कंजुषासारखी. सोड म्हणतो ना!"

सोडला. मग जो आत आला तो आपसूक आला. त्यांची सगळी शिकवण एवढीच. श्वास घेणं आपलं काम नाही, तो येतोच. आपलं काम सोडण्याचं. आणि सोडल्यावर पुढचा येईपर्यंत जी रिकामी जागा असते, तिथे घाबरायचं नाही. बाबा त्या जागेत दुपारभर बसत. लग्न झालं, विधवा झाले, तरी मी रोज त्यांची चूल पेटवायला जायची आणि त्यांना बघत बसायची. छाती हलत नसे. नाकाशी कापूस धरला तर तोही हलत नसे. खरं सांगते, त्या वेळी त्यांच्याकडे पाठ करायचा मला कधी धीर झाला नाही.

सत्तरी उलटल्यावर पौषातल्या एका दुपारी ते एकदम म्हणाले, "भुली, माझ्या गुरूंच्या समाधीत मीठ मी ओतलं." इकडे धाकट्या बहिणीला म्हणतात तसं ते मला भुली म्हणत.

संन्याशाला आमच्यात जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि भोवती मीठ भरतात. मी म्हटलं, "मग? पुण्यच की."

"गळ्यापर्यंत आलं होतं. शेवटचं पोतं माझ्या हातात. तेवढ्यात त्यांची डावी पापणी हलली."

मी चूल फुंकायची थांबले. "मग?"

"शंख वाजत होते. मोठमोठे महंत, दोनशे माणसं, जयजयकार. मी सगळ्यांत लहान. गुरू ब्रह्मात लीन झाले म्हणून सगळे नाचतायत, आणि मी ओरडू, जिवंत आहेत म्हणून?" मग म्हणाले, "ओतलं पोतं."

"भास झाला असेल, बाबा."

"असेल. त्या 'असेल'वरच तर चाळीस वर्षं काढली." मग माझं मनगट धरलं. "मी बसलो आणि उठलो नाही, तर तू समोर राहा. काही दिसलं तर लाजू नकोस. बोंब मार."

माघात ते बसले आणि उठले नाहीत. बर्फाने रस्ता बंद होता. गावातल्या कंपाउंडरने नाडी बघून मान हलवली. अंग दगडासारखं गार. तीन दिवस वाट पाहिली, मग खालच्या आखाड्याचे महंत विशोकानंद बर्फ तुडवत वर आले आणि चौथ्या दुपारी बाबांना खड्ड्यात बसवलं. मला कडेला उभं केलं. विधवेची सावली नको म्हणे. मीठ मांडीवर आलं, छातीवर आलं, गळ्याशी आलं. मी पापणी लवू न देता बघत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. आणि त्यांच्या पापणीत हललं. इतकंसं, माशी बसावी तसं.

"थांबा! जिवंत आहेत!"

"गोदांबरीला चळ लागलाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"बाई, तोंड आवर," महंत ओरडले. "समाधीत विघ्न आणतेस?"

"आणतेच आहे विघ्न!" म्हणून मी सरळ खड्ड्यात उडी मारली आणि बाबांच्या टाळूवर हात ठेवला. टाळू कोमट होती. त्यांच्या डोक्याला अशी मिठी मारून बसले की पोतं ओतायचं तर दोघांवर ओतावं लागलं असतं.

शेवटी गावच्या लोकांनीच उपसून काढलं. चुलीजवळ निजवून तळव्यांना मोहरीचं तेल चोळत राहिलो. दिवस कलायच्या सुमाराला बाबांनी एक लांबलचक श्वास सोडला. घेतला कधी होता, कोण जाणे. आम्ही सगळेच मागे सरकलो.

आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी मी मंडुव्याची पेज भरवत होते.

"मला सगळं ऐकू येत होतं, भुली."

"काय?"

"कुदळ. शंख. तू चुलीशी रडत होतीस ते. मीठ वर चढताना कसं गार लागतं तेसुद्धा. ओरडायचं होतं, पण माझ्या हाती फक्त पापणी उरली होती. तीन दिवस जोर लावत होतो, तेव्हा कुठे हलली."

"पण मी पाहिली ना!" मी हरखून म्हणाले. "वाचलात ना!"

बाबांनी पेजेची वाटी बाजूला सारली. "गुरूंनीही असाच जोर लावला होता," म्हणाले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले ते. लहानपणचा दमा छातीत दाटून आला. चाळीस वर्षं ज्याच्यावर ते जगले, ते 'असेल' मी त्यांच्याकडून काढून घेतलं होतं. गाव आजही म्हणतं, गोदांबरीने बाबांना वाचवलं. मला ते ऐकवत नाही.

नंतर ते कधी ध्यानाला बसले नाहीत. फाल्गुनात साधा ताप आला, आणि दोनच दिवसांत गेले. आदल्या दिवशी सांगितलं, "मला जाळ."

महंत पुन्हा आले. "संन्याशाला अग्नी? नरकात जाशील!"

"जाईन. तिथे ऊब तरी असेल."

कोणी पुढे येईना, म्हणून नदीकाठी देवदाराची लाकडं मीच रचली आणि मीच पेटवली. लोक हात जोडून लांब उभे होते. मी चितेला खेटून उभी राहिले, केस होरपळले तरी, आणि जाळ चेहऱ्यापर्यंत येईतो त्यांच्या पापण्यांवरून नजर काढली नाही.