उचगावकर नावाची खानावळ

"पातेली आमच्या नळावर धुऊ नको गं. तशीच उचल."

कारखान्याच्या मालकाची आई बोलली. मोठ्यानं न्हाय, अगदी मऊ आवाजात. बेळगावच्या उद्यमबागेतला तो कारखाना, खंडेनवमीचा दिवस. मशीनला झेंडूच्या माळा. कामगार पंगतीला बसलेले, वाढप निम्मं झालतं. आणि माझी खीर, माझी वांग्याची भाजी, आमटी, सगळं दोघंजण गेटाबाहेर नेऊन गटारीत ओतत होते. गरम होतं अजून. पहाटेपासनं चुलीपुढं बसून केलतं मी ते.

झालतं काय? तिनं नुसतं विचारलं, "उचगावची व्हय तू? माझं माहेर तिथलंच. कुठल्या गल्लीतली?"

बस्स. एवढंच.

आमच्याकडं गल्ली सांगितली की जात कळती. आडनाव मी लपवलतं, गावाचं नाव लावून. गल्ली कशी लपवू? खोटी सांगावी तर तिला घर अन् घर ठाऊक. मी गप्प उभी राहिले, तेवढंच तिला पुरलं. कुजबूज पंगतीत गेली. दोघा-तिघांनी तोंडातला घास थुंकला. मेल्यांनी वर्षभर माझाच डबा बोटं चाटून खाल्लता!

मी खाली मान घालून पातेली उचलली. एक शब्द बोलले न्हाय. त्याचा राग मला अजून येतो.

नवरा गेल्यावर उद्यमबागेच्या रस्त्याला पत्र्याचं शेड घेतलं, खानावळ टाकली. पयल्यांदा खऱ्या आडनावाचीच पाटी लावलती. लोक यायचे, वर वाचायचे, पुढं जायचे. लेक शाळेत, घरात कमावणारं दुसरं कुणी न्हाय. मग बेळगावात धंदा शिकवायच्या शिबिराला गेले. तिथले सर म्हणाले, "ताई, अडचण धंद्यात नसते, नजरेत असते. ग्राहकाच्या नजरेनं बघायला शिका."

मला लई पटलं. घरी येऊन बघितलं की गिऱ्हाइकाच्या नजरेनं! त्या नजरेला माझी भाकरी चालत होती, मी चालत न्हवते. मग मीच मला पुसलं. पाटी रंगवून घेतली, 'उचगावकर खानावळ'. माहेर उचगावच, म्हणजे तसं खोटंबी न्हवतं. आणि गर्दी झाली की हो! कारखान्याचे डबे मिळाले. सरांचं बोलणं खरं ठरलं. फक्त कुणी सहज "गाव कुठलं, आक्का?" म्हटलं तरी भाकरी करपती म्हणून मी आत पळायचे.

खंडेनवमीनंतर डबे बंद. खानावळीत माशा बसायला लागल्या. लेक विचारायची, "आई, आता गं?"

एका दुपारी मालक स्वतः आला. मी खुर्ची पुसून दिली, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तो दारातच उभा.

"हाताला चव हाय तुझ्या," म्हणाला. "मच्छे गावातल्या माझ्या दुसऱ्या शेडात तुला कोण वळखत न्हाय. सैपाक तू आत कर. वाढायला, डबे द्यायला आमच्यातली बाई ठेवतो. पाटी आमच्या नावाची. तू तेवढी भाईर दिसू नको. जरा वेगळ्या नजरेनं बघ, तुझाच फायदा हाय."

खरं सांगते, मी व्हय म्हणणार होते. तोंड उघडलतं.

पण तेवढ्यात त्याच्याकडं नीट बघितलं. ऊन मी म्हणत होतं. घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटलता, घसा खाकरत होता. डोळा सारखा तांब्याकडं जात होता. आणि घेईना! माझ्या हातची भाकरी विकायला चालती, माझं पाणी प्यायला चालत न्हाय. आजवर मला वाटायचं, खोट माझ्यात हाय, म्हणून मी झाकत बसले. अगं बाई, रोग ह्याला, आणि पांघरूण घेऊन मी का पडू?

"न्हाय जमायचं, अण्णा," मी म्हणाले. "हात माझा, तर तोंडबी माझंच दिसणार."

"मग मर उपाशी," म्हणाला आणि गेला. मी तिथंच खाली बसले.

पाटी दुसऱ्या दिवशी बदलली. नजर बदलली, पण धंदा काय सुधारला न्हाय. निम्मी बाकडी रिकामी असत्यात. फौंड्रीत कामाला आलेली परमुलखातली पोरं जेवत्यात, आणखी थोडे आपले लोक. बाकीचे दारातनं परत जात्यात. उरलेल्या भाकरीकडं बघून मला रडू येतं. कुणापुढं हात पसरावा तेबी कळत न्हाय.

पण कुणी उंबऱ्यावर घुटमळला की मी आतनंच ओरडून सांगते, "व्हय, कांबळेच! भूक असली तर या, नसली तर रस्ता मोकळा हाय."

खानावळ बंद पडायची असली तर पडंल. पण कांबळ्यांची म्हणून पडंल.